इंदूबाईनं पाह्यलेलं टोपलं

टेकोडे, म्हणजे पावसाळ्यात निघणाऱ्या रानातल्या अळंब्या, ओळखणं म्हणजे माणसं ओळखण्यासारखं असते, असं कोणी म्हणलं का माह्या डोक्यात जाते. माणूस खोटा निघाला तं आपण चार दिवस रडतो आणि कामाले लागतो. टेकोडा खोटा निघाला तं रडाचं काम दुसऱ्याईले करा लागते. माही सासू इंदूबाई चाळीस वर्सं हेच सांगत आली, आणि तिनंच पाह्यलेलं एक टोपलं चुकलं. त्या टोपल्याची गोष्ट गाव चार प्रकारानं सांगते. मी तिथं होती, म्हणून माही ऐका.

आमचं गाव तिवस्याहून आत, कॅनॉलच्या कडेले. पावसाळ्यात वारुळावर निघणारे टेकोडे शेंबडं पोरगंही ओळखते, त्याच्यासाठी कोणाच्या सासूची गरज नाही. गरज लागते ती कॅनॉलच्या पाळीवर, निलगिरीखाली निघणाऱ्यासाठी. जाड दांडा, वरून बनपावासारखी तपकिरी टोपी, आणि उलटा केला तं खाली पडदे नाहीत. बारीक बारीक छिद्राचा स्पंज. पहिले लोक त्याले कुत्र्याची छत्री म्हणून लाथ मारून जात. माहा सासरा वारला त्या साली माह्या सासूनं त्यातला एक नखाएवढा तुकडा शिजवून खाल्ला आणि दोन दिवस वाट पाह्यली. मंग बोटाएवढा खाल्ला. असे दोन पावसाळे काढले, तवा कुठं घरच्या ताटात वाढला. हे मले लग्नानंतर समजलं तवा मी लय भांडली तिच्याशी. मेली असती तं? तं म्हणे, त्या साली मेली असती तं काही वाईट वाटलं नसतं मले.

तिची पाहाची रीत ठरलेली होती. टोपलं कधी एकदम पाहाचं नाही, एकेक हातात घ्याचा. उलटा कराचा. खालचा स्पंज लाल असला तं फेकाचा. पिवळा, मळकट असला तं त्याच्यावर अंगठा दाबाचा आणि वीसपर्यंत मोजाचं, मोठ्यानं. तेवढ्यात दाबलेली जागा निळी पडली तं फेकाचा. मंग सुरीनं उभा चिराचा. आणि टोपल्यात पांढरे, कोंबडीच्या अंड्यावानी बंद गोल असले तं ते सगळ्यात आधी चिराचे. आत बारकी मिटलेली छत्री दिसली का तो फेकाचा, सुरी धुवाची, हात धुवाचे, आणि टोपल्यातला त्याच्या शेजारचाही फेकाचा. लोक चांदीचं नाणं टाकून पाहाचे, लसूण टाकाचे, काळं पडते का म्हणून. ती हसे. म्हणे, नाण्याले काय पोट असते काय?

सगळं गाव यायचं आमच्या ओसरीवर. आमच्या वस्तीतले तं यायचेच, पण वरच्या आळीतलेही. जानरावभाऊच्या घरचं टोपलं दर पावसाळ्यात यायचं. त्याच घरी माही सासू पोरगी असताना वावरातलं तण निंदाले जाये, तवा जानरावभाऊची माय तिच्या ओंजळीत वरून पाणी ओते. आता त्याच घरची लीलाबाई, जानरावभाऊची बायको, आमच्या चटईवर मांडी घालून बसे, टोपलं पाहून होईपर्यंत चहा पिये आणि सासूच्या शब्दावर आठ माणसाईचा स्वयंपाक करे. सासू याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. पण त्या दिवसात ती सकाळीच धुतलेलं पातळ नेसून दारात बसून राहे. मले ते दिसे. खरं सांगू तं मलेही ते लय गोड वाटे.

आता माह्याबद्दल. मी माया, गावची आशा. गरोदर बायाईच्या नोंदी, लेकराईचे डोस, आणि मोतीबिंदूच्या शिबिराले म्हातारे माणसं गोळा करून नेणं, हे माहं काम. आतापर्यंत एकतीस माणसं नेऊन आणले. हातात टॉर्च घेऊन मी गावभर लोकाईचे डोळे पाहून राहिली होती, आणि माह्या घरात माही सासू दोन वर्सांपासून माणसं आवाजावरून ओळखत होती. तांदूळ निवडाले दिले तं खडे तसेच. फोनवर नाव दिसत नाही म्हणून मलेच उचलाले लावे. दोनदा म्हणलं, आत्याबाई, चला शिबिराले. तं म्हणे, एवढा पावसाळा जाऊ दे. का म्हणे, ते मले समजत होतं. इंदूबाईले दिसत नाही हे एकदा गावात झालं का ओसरी रिकामी. मी जोर केला नाही. बाकी एकतीस जणाईवर मी घर डोक्यावर घेऊन जोर केला होता.

ते टोपलं आलं पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात. लीलाबाईची सून आरती घेऊन आली होती, सकाळी सातले. ती दर्यापूरकडची. तिकडं निरा सपाट काळी जमीन, तिले निलगिरी काय आणि टेकोडे काय. कॅनॉलवर गेली, दिसलं ते सगळं वेचून आणलं आणि कौतुकानं टोपलं सासूपुढं ठेवलं. आभाळ भरून आलेलं, लाइन गेलेली, ओसरीवर मळभ. मी सर्वेले निघाली होती, पिशवीत रजिस्टर कोंबून राहिली होती. सासूनं एकेक उचलला, उलटा केला, वास घेतला, अंगठा दाबला, वीसपर्यंत मोजलं. मोजून झालं का तो टेकोडा डोळ्याजवळ नेऊन पाहे. काही बाजूले टाकले. मंग आरतीले सांगतलं का पहिलं पाणी फेकून दे आणि कांद्यात परत. आरती गेली.

मी ते सगळं उभ्यानं पाह्यलं. तिचा अंगठा पाह्यला, तिचं मोजणं ऐकलं. त्या अंधारात चांगल्या डोळ्याच्या माणसाले निळं दिसलं नसतं, हेही माह्या डोक्यात येऊन गेलं. आणि मी चपला घालून निघून गेली. दोन मिनिटं थांबून ते टोपलं दारात उजेडाले नेलं असतं, एवढंच काम होतं.

जानरावभाऊले त्या दिवशी तिवस्याले फवारणीचं औषध आणाले जायचं होतं. बस गाठाची म्हणून आरतीनं त्याईलेच पहिले वाढलं, नऊच्या सुमारास. बाकीचे मागून जेवणार होते. बस आली नाही. सवा दहाले जानरावभाऊ स्टँडवरच्या पारावर वाकून ओकून राहिले होते. मी दोन घरं सोडून पुढं होती, कोणीतरी आवाज दिला म्हणून धावली. घाम, पोटात मुरडा, ओकारी थांबेना. काय खाल्लं म्हणून पुसलं तं म्हणे, टेकोडे.

मी त्याईच्या घरी पळत गेली. आधी भाजीचं गंज, म्हणजे पातेलं, पाह्यलं. आरती घाबरून सगळी भाजी उकिरड्यावर फेकून आली होती. दुसऱ्या कोणी खाल्ली नव्हती, तेवढं नशीब. सांजेसाठी म्हणून टोपल्यात दोन-तीन टेकोडे ठेवले होते. मी एक उलटा केला. खालचा स्पंज विटेसारखा लाल. अंगठा दाबला. मी तीनसुद्धा मोजलं नसन, तं ती जागा शाईवानी निळी पडली.

माहा नवरा धम्मदीप ऑटो चालवते. त्याच्याच ऑटोत जानरावभाऊले घातलं, लीलाबाई आणि आरती बसल्या, मी टोपलं मांडीवर घेतलं. ऑटो आमच्या घराजवळ आला तं सासू रस्त्यावर उभी. तिले कोणी सांगतलं काय मालूम. ती हातानं ऑटोचा दांडा चाचपून वर चढली आणि धम्मदीपच्या बाजूले बसली. तिवस्यापर्यंत जानरावभाऊ कण्हत होते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम होत्या, पुण्याकडच्या, वयानं लहान पण कामाच्या पक्क्या. किती वाजता खाल्लं, ओकारी कधी लागली, हे त्याईनं दोनदा पुसलं. सव्वा तासात लागली हे ऐकून त्याईचा चेहरा जरा सैल झाला. त्याईनं मी आणलेला टेकोडा पाह्यला, खालचा लाल स्पंज पाह्यला. मंग आमाले समजावून सांगतलं का हे जे लवकर ओकाले लावतात ते माणसाले बेजार करतात, पण त्याईचा जोर पोटापुरता असतो. खरे घातक असतात ते सहा-आठ तास, कधी कधी दिवसभर गप्प बसतात. माणसाले वाटते काही झालं नाही, आणि ते आतून लिव्हर खातात. जानरावभाऊची ओकारी लवकर लागली, म्हणजे सलाइन लावू, औषध देऊ, संध्याकाळी घरी.

लीलाबाईनं हात जोडले. आरती रडाले लागली. दोन बाटल्या आत गेल्यावर जानरावभाऊलेही जरा तरतरी आली. म्हणाले, इंदूबाई, टेकोडा बाकी चवीले झकास होता बरं का. सगळे हसले, मीही हसली. माही सासू हसली नाही. ती खाटेच्या पायाशी स्टुलावर बसून होती.

मॅडम सुट्टीचा कागद लिहून राहिल्या होत्या. लिहिता लिहिता त्याईनं पुसलं का टोपल्यात या स्पंजाच्या शिवाय दुसरं काही होतं का, पांढरं, अंड्यासारखं बंद. आरती म्हणाली, हो, होते की चार-पाच, पण ते आजीनं काढून टाकले. मॅडमनं पेन थांबवला आणि सासूकडं पाह्यलं.

"आजी, सगळे काढले ना?"

आता इथं माह्या मनात जे आलं ते मी कोणाले सांगतलं नाही, तुमाले सांगते. मी मनात हिशेब केला. ज्या बाईले तळहाताएवढा लाल स्पंज दिसला नाही, तिले बोराएवढं पांढरं कसं दिसन? स्पंजाचे बारके टेकोडेही गोलच असते, हाताले दोन्ही सारखेच लागते. एक जरी आत राह्यला असन तं हा माणूस आज संध्याकाळी हसत घरी जाईन आणि परवा मरन. हे मले समजलं. सासू 'हाव' म्हणाली असती तं विषय तिथंच संपत होता. एक लाल नजरेतून सुटला, वय झालं आता, असं म्हणून गावानं सोडून दिलं असतं. लीलाबाई पुढच्या पावसाळ्यात आली असती.

आणि मले बोलता येत होतं. मी आशा, डोळ्याचं सगळं मलेच मालूम. पण मी सलाइनकडं पाहत राह्यली. थेंब पडे, दुसरा पडे. सासूनं पदर तोंडाले लावला होता.

"मॅडम, मले दिसत नाही," सासू म्हणाली. "दोन वर्सं झाले. लाल मले दिसला नाही, तं पांढऱ्याचं मी कायच्या भरवशावर सांगू?"

लीलाबाई ताडकन उभी राह्यली. "दिसत नाही तं मंग आमाले काहून खाऊ घातलं तुमी?"

सासूनं खाली मान घातली. त्याच्यानंतर मी म्हणलं, का मले मालूम होतं. पण तवा बोलून काय, दार तं तिनं उघडलं होतं. लीलाबाईनं माह्याकडं जे पाह्यलं ते मी मरेपर्यंत इसरणार नाही.

मॅडमनं तो कागद फाडला आणि अँब्युलन्स बोलावली. धम्मदीपले घरी पिटाळलं, आमच्या उकिरड्यावर फेकलेले टेकोडे जसेच्या तसे आणाले. त्यात पांढरे गोल दोनच निघाले, आणि माह्याजवळच्या टोपल्यात एकही नव्हता. आरती घाबरून कधी चार म्हणे, कधी पाच. म्हणजे दोन नाही तं तीन भाजीत गेले होते, आणि त्यातले खाल्ले किती ते जानरावभाऊच्या पोटालेच मालूम. मॅडमनं अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला, आणि सांजेच्या आत आमी तिथं होतो.

मंग जे सुरू झालं ते त्याच्याहून वाईट होतं, कारण काहीच होत नव्हतं. ओकारी थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी जानरावभाऊ उठून बसले आणि चहा-टोस्ट मागून राहिले. नातेवाईक आले, ते म्हणाले, माणूस ठणठणीत आहे, उगंच अडकवून ठेवलं. लीलाबाई बाहेर येऊन ऐकू जाईन असं बोलली का एका आंधळीच्या बोलण्यावर पहिले खाल्लं आणि आता तिच्याच बोलण्यावर दवाखान्यात पडलो. सुट्टी मागितली त्याईनं. तिथले डॉक्टर सही करेनात, दर काही तासानं रक्त काढत. नातेवाईक भांडाले उठले. मी मधात पडली, चार शिव्या खाल्ल्या, दोन दिल्या. मनात मात्र मलेही वाटे, नसनच काही तं? तं आमची इज्जत फुकट गेली. असा इचार येते माणसाले, खाटेवर माणूस असताना येते.

सासू वार्डाबाहेरच्या पायरीवर बसून होती. घरी चला म्हणलं तं ऐके नाही. मी घरून थर्मासमध्ये चहा नेला, लीलाबाईपुढं कप धरला. तिनं घेतला नाही. रागानं घेतला नाही का त्याईच्या घरच्या जुन्या रीतीनं, ते मी आजवर ठरवू शकली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जानरावभाऊच्या डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा झाला. रक्ताचा रिपोर्ट आला, लिव्हरचे आकडे डॉक्टरनं वाचून दाखवले तं मले त्यातलं एवढंच समजलं का ते लय वर गेले. त्याच्यानंतर कोणी सुट्टीचं नाव काढलं नाही. पुढचे पाच दिवस जानरावभाऊ कधी ओळखत, कधी नाही. एकदा आरतीले स्वतःची माय समजून बोलत होते. लीलाबाई बाहेर आली आणि पायरीवर, माह्या सासूपासून हातभर अंतरावर बसली. दोघी दुपारभर तशाच बसून होत्या.

सातव्या-आठव्या दिवशी आकडे उतरले. डॉक्टर म्हणाले, घरी पिवळा पडल्यावर आणला असता तं आमच्या हातात काही नव्हतं. पहिल्या दिवसापासून औषध चालू होतं म्हणून निभावलं. अठरा दिवसांनी जानरावभाऊ घरी आले, अर्धे होऊन. काठी घेऊन चालते आता, पण चालते.

दिवाळीनंतर मी माह्या सासूले शिबिराले नेलं, बत्तिसावी. दोन महिन्याच्या अंतरानं दोन्ही डोळे झाले. पट्टी काढल्यावर मले पाहून पहिलं काय म्हणाली तं, केस पिकले तुह्ये, मले कोणी सांगतलं नाही. तांदळातला खडा तिले माह्याआधी दिसाले लागला.

आणि यंदा पाऊस लागला, कॅनॉलवर टेकोडे निघाले, पण आमच्या ओसरीवर कोणी आलं नाही. पंधरा दिवस गेले. मंग एका सकाळी लीलाबाई स्वतः आली. टोपलं तिच्याच हातात. वर्षभरात तिनं आमच्या दारात पाय ठेवला नव्हता. चटईवर बसली आणि म्हणाली, आता दिसते ना तुमाले, मंग पाहा. आमच्या घरी खाणार नाही कोणी, पण पाहा. माह्या तं डोळ्यात पाणीच आलं.

सासूनं टोपल्याले हात लावला नाही. घेऊन जा लीलाबाई, म्हणाली. आजपासून मी कोणाचं टोपलं पाहणार नाही, आणि माह्या शब्दावर कोणी खाऊ नका. लीलाबाई टोपलं उचलून गेली.

मी भडकली. मी म्हणलं, ती बाई चालत आली तुमच्या दारात, एवढं सगळं होऊन आली, आणि तुमी परत पाठवली. डोळे आले ना आता तुमाले? काय कमी आहे आता?

"डोळ्याचं नाही वं माया," ती म्हणाली. "मॅडमनं पुसलं ना, सगळे काढले का म्हणून, तवा 'हाव' माह्या तोंडात आलंच होतं. माणूस समोर पडून होता आणि मी माह्या ओसरीचा इचार करून राहिली होती. अशा बाईच्या शब्दावर कोणी घास खावा काय?"

माह्याही तोंडात तेच होतं, आणि मले तं दिसत होतं.